कंडक्टरबाई शेरा मारत नाहीत

कंडक्टरबाईंना माणूस ओळखायला वेळ लागत नसे. उभी हयात बसमध्ये उभ्याने काढलेल्या बाईला तेवढं जमलंच पाहिजे. चढणाऱ्याचा पाय पायरीवर पडला रे पडला की यांच्या मनात निकाल तयार. हा सुट्टे नसलेला, ही भांडखोर, तो खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेणारा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक निकाल बरोबर निघायचे. चुकलेल्यांची माफी मागायचा प्रश्नच नव्हता, कारण तोवर ती माणसं आपापल्या थांब्यावर उतरून गेलेली असायची.

अडचण एवढीच होती की घरची माणसं कुठल्याच थांब्यावर उतरत नाहीत. बाईंना एकच मुलगी. ती लहानपणी रडूबाई होती, शाळेत वेंधळी होती, पुढे हट्टी झाली आणि स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा अतिशहाणी. यातला एकेक शब्द आपण मायेपोटीच वापरला, असं बाई कुणासमोरही छातीठोकपणे सांगतील. मुलीने मात्र ते सगळे शब्द मायेशिवायच जपून ठेवले होते.

ती मुलगी आता रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. नवरा फिरतीवर, पदरात तीन वर्षांची पोर. या पोरीला सांभाळायला आपण आहोतच, असं कंडक्टरबाई धरून चालल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस नात त्यांच्याकडे यायचीही. मग एकदा बाईंच्या चुलत नणंदेकडे सगळे जमले असताना ती पिटुकली दारामागे जाऊन उभी राहिली आणि काही केल्या बाहेर येईना. बाईंनी भरल्या घरात जाहीर केलं, "घुमीच आहे हो ही. बापावर गेलीय."

मुलीने पोरीला कडेवर घेतलं, पर्स उचलली आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवसापासून नात पाळणाघरात जायला लागली.

बाईंनी फोन करून जाब विचारला. "एवढं काय झालं गं? आजी आहे मी तिची!"

"आई, मला नावं ठेवलीस तेवढी पुरे झाली. तिला नको ठेवूस. तुला मुलांमधलं काय कळतं?"

हे शेवटचं वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. वरिष्ठांनी कितीही झापलं तरी ज्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, त्या बाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून गेल्या आणि परत आल्या त्या कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन. बालविकास आणि कौटुंबिक संबंध, पदविका अभ्यासक्रम, वयाची अट नाही.

"प्रमाणपत्र फ्रेम करून घेणार आहे," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "दारासमोरच्या भिंतीवर. आत आली की पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे तिला. मग विचार म्हणावं, मला काय कळतं ते."

नवरा आगारात मेकॅनिक होता, आता बाईंसारखाच निवृत्त. बिघडलेल्या गोष्टीला उगाच हात लावायचा नाही, आधी आवाज ऐकायचा, हा त्याचा नियम. त्याने आवाज ऐकला आणि विचारलं, "खिळा आत्ताच ठोकून ठेवू का?"

कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर सगळ्या पोरी ताडकन उठून उभ्या राहिल्या. नव्या मॅडमच आल्या असं त्यांना वाटलं. बाईंनी हाताने "बसा, बसा" केलं, तास घ्यायला आल्यासारखी वर्गावरून एक नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मग जो हशा पिकला तो खऱ्या मॅडम येईपर्यंत थांबला नाही. दुपारपर्यंत त्यांची नोकरी कुठली होती ते सगळ्यांना कळलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं बारसंही झालं. तोंडावर 'काकू', पाठीमागे 'कंडक्टरबाई'. बाईंना दोन्ही चालत होतं.

पुस्तकी भाग त्यांना जड गेला नाही. मूल कधी रांगतं, कधी बोलतं, कधी खोटं बोलायला लागतं, हे पाठ करणं म्हणजे थांब्यांची नावं पाठ करण्यासारखंच. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात.

कॉलेजच्या आवारातच एक बालवाडी होती. लांबट खोली, बुटकी टेबलं, एका कोपऱ्यात घसरगुंडी, दुसऱ्या कोपऱ्यात लाकडी ठोकळे. खोलीच्या एका बाजूला काचेची भिंत आणि तिच्यामागे स्टुलांची रांग. स्टुलावर बसायचं, एक मूल निवडायचं आणि बघायचं. मॅडमनी नियम सांगितला तो असा: जे दिसलं तेवढंच सांगायचं. शेरा मारायचा नाही. आणि काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही.

बाईंनी निळ्या स्वेटरचा एक मुलगा निवडला आणि पाचव्या मिनिटाला निरीक्षण संपवून टाकलं. वर्गात त्यांचा नंबर आला तेव्हा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आगाऊ मुलगा आहे. लाडावलेला. घरी आजी असणार."

मॅडम वयाने त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, पण थंड डोक्याची बाई. "ताई, आगाऊ म्हणजे काय केलं त्याने?"

"अहो, दिसतंच की!"

"मी तिथे नव्हते. मला नाही दिसलं. त्याने काय केलं ते सांगा."

बाई आठवायला लागल्या. "दुसऱ्या मुलाच्या हातातला ठोकळा ओढला."

"मग?"

"मग तो दुसरा रडायला लागला."

"मग?"

"मग..." बाई अडखळल्या. "मग याने ठोकळा परत दिला. आणि आपल्याजवळचा एक वर दिला."

"हे सांगायचं राहिलंच की."

राहिलं होतं खरं. ठोकळा ओढला त्याच क्षणी बाईंनी निकाल दिला होता, आणि एकदा निकाल लागला की पुढचा खटला कोण बघत बसतो! त्या खाली बसल्या. बाकावरची शेजारीण, पेनाचं टोपण चावणारी एक हडकुळी पोरगी, त्यांच्या कानाशी कुजबुजली, "काकू, मला पण दोनदा परत करायला लावलंय." बाईंना बरं वाटलं, पण कबूल केलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी शेरा मारला नाही. मध्ये पडल्या. घसरगुंडीच्या शिडीवर पोरांची गर्दी झाली होती, वरचं पोर हलत नव्हतं, खालची ढकलाढकली करत होती. बाईंनी दाताखाली ओठ दाबून धरला, पदर पिळला, देवाचं नाव घेतलं. पण अंगात मुरलेली सवय ती! त्यांनी काचेवर बोटातल्या अंगठीने टकटक केलं आणि गरजल्या, "चला, पुढे सरका! दारात उभं राहू नका!"

अख्खी बालवाडी पुढे सरकली. ठोकळेवाली पोरं सरकली, चित्रं काढणारी सरकली, डबा खाणारं एक पोर डब्यासकट सरकलं. काचेमागे बसलेल्या साऱ्या मुलींची निरीक्षणं एका फटक्यात मातीमोल झाली. मॅडमनी कपाळाला हात लावला. बालवाडीच्या शिक्षिकेने मात्र नंतर बाईंना एकीकडे गाठून विचारलं, "ते तुम्ही नक्की कोणत्या आवाजात म्हणता हो?"

त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचा पिच्छा पुरवायचा, हा तर त्यांचा स्वभावच. आता त्या सगळीकडे बिनशेऱ्याचं बघायला लागल्या. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, गॅलरीत. सगळ्यात जास्त हाल झाले ते नवऱ्याचे.

"तुम्ही फडताळ उघडलं," त्या खुर्चीत बसून शांतपणे सांगायच्या. "बिस्किटांच्या डब्याला हात लावला. माझ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला. मी मान वळवली. तुम्ही दोन बिस्किटं खिशात घातली."

"अगं, हावरट म्हण ना सरळ!" नवरा काकुळतीला आला. "इतकी वर्षं म्हणत आलीस, कधी तक्रार केली का? पण हे असं नको बघूस बाई. जीव घाबरा होतो माझा."

"हावरट म्हणता येणार नाही. तो शेरा झाला."

"मग मी आहे तरी काय?"

बाईंनी विचार केला. "ते अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल असं काही त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. नवऱ्यालाही ते कुठेतरी आवडलं, कारण त्याने खिशातलं एक बिस्किट काढून त्यांना दिलं.

सत्राच्या शेवटी गृहभेट होती. एखाद्या घरी जायचं, तिथल्या लहान मुलाला तासभर बघायचं. कागद-पेन चालणार नाही, त्याने घरची माणसं बुजतात. तास संपला की काय दिसलं ते पालकांना तिथल्या तिथे तोंडी सांगायचं आणि मग घरी येऊन लिहायचं. मुलींनी शेजारीपाजारी घरं शोधली. कंडक्टरबाईंनी फोनकडे पाहिलं, पाणी प्यायल्या, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि मुलीचा नंबर लावला.

"येऊन काय करणार?" मुलीने विचारलं.

"बघणार."

"आणि?"

"आणि काही नाही."

"तू? आणि काही नाही?"

"एक तास. मध्ये पडायचं नाही. मग काय दिसलं ते सांगायचं आणि निघायचं. शेरा मारला तर मार्क जातात माझे."

मग मुलगी म्हणाली, "ये रविवारी. पण आई, तिच्याबद्दल एक शब्द जरी वाकडा बोललीस ना, तर मग पाळणाघर कायमचं. परत कधी विचारायचं नाही."

बाईंनी फोन ठेवला. मार्क गेले खड्ड्यात. त्यांना नात हवी होती. तिच्या केसांचा वास हवा होता, दुपारी शेजारी झोपून पोटावर टाकलेला तिचा पाय हवा होता. प्रमाणपत्राच्या फ्रेमचा विचार त्यांनी बऱ्याच दिवसांत केला नव्हता, हेही तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी त्या दहाच्या सुमाराला पोचल्या. मुलीचं घर दोन खोल्यांचं. खुर्च्यांच्या पाठींवर ओले कपडे वाळत घातलेले, टेबलावर प्रयोगशाळेचं ओळखपत्र, गॅसवर चहाचं पातेलं. मुलीने दार उघडलं, "हं, बस," म्हणाली आणि आत गेली. बाईंनी खोलीचा कोपरा धरला, चटईवर मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. हात मोकळे राहिले तर तोंडही मोकळं सुटतं, हा त्यांचा अनुभव.

नातीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती कामाला लागली. काम होतं चमच्यांचं. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, अशा थाटात तिने खालच्या खणातले सगळे चमचे बाहेर काढले आणि जमिनीवर रांगेत मांडायला घेतले. रांग पार दारापर्यंत गेली.

मुलीचा फोन वाजला. तो खांद्याने कानाशी धरून तिने वाळलेले कपडे काढले, ओले उलटे केले, चहा गरम केला. दुसरा फोन आला. चहा राहिला. पुन्हा गरम केला. "अगं, दुसरा मोजा घाल ना राणी, जायचंय आपल्याला," असं दोनदा गोड आवाजात, एकदा कमी गोड आवाजात झालं. नातीने तिन्ही वेळा 'नाही' म्हणून मान हलवली आणि ती चमचे मांडत राहिली. मुलगी मोजा घेऊन वळली, तिचा पाय चमच्यांवर पडला, चमचे खणखणत चहूकडे उडाले आणि नातीने भोकाड पसरलं.

"किती हट्टी आहेस गं तू!" मुलगी ओरडली. "हट्टी कुठली!"

आणि जागच्या जागी थिजली. तिने सावकाश कोपऱ्याकडे पाहिलं.

आता इथे कंडक्टरबाईंची खरी कसोटी होती, हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या जिभेवर एक सोडून दहा वाक्यं येऊन उभी राहिली होती आणि प्रत्येक वाक्याला आधी उतरायचं होतं. 'बघ, आता कळलं?' हे सगळ्यात पुढे. त्यांनी मांडीखालचे हात आणखी दाबले. हाताला मुंग्या आल्या. त्या काहीही बोलल्या नाहीत.

मुलगी खाली बसली, चमचे गोळा करायला लागली. नातही हुंदके देत गोळा करायला लागली. तास संपला.

"झालं?" मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली. "सांग आता. ऐकते मी."

बाईंनी घसा साफ केला. "मुलीने खणातले चमचे काढले. मोठे आधी, मग लहान. ओळीत मांडले. मोजा घालायला तीन वेळा नाही म्हणाली. चमचे उडाले तेव्हा रडली. मग गोळा केले." एवढं बोलून त्या थांबल्या.

"संपलं?"

"नाही." पुढचं कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "मुलीच्या आईने चहा गरम केला. प्यायली नाही. परत गरम केला. तोही तसाच आहे. फोनवर 'इकडे सगळं ठीक आहे' असं म्हणाली. म्हणताना एका हाताने ओट्याची कड धरली होती. मग नळ सोडला. हातात भांडं नव्हतं. नळाखाली नुसता हात धरून उभी राहिली, मग बंद केला आणि तोंड पुसून बाहेर आली. बाहेर येताना हसत होती. मुलीला ओरडली. ओरडल्यावर पहिल्यांदा चमचे नाही उचलले. पहिल्यांदा मुलीचा पाय बघितला, लागलं का ते."

मुलीच्या हातात चार-पाच चमचे होते, ते तिने नीट एकावर एक ठेवले. मग पुन्हा वेगळे केले. मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशीच, आवाज न करता, नाक वर ओढत.

हे रडणं बाईंच्या किती ओळखीचं होतं! आणि दर वेळी आपण त्याला फक्त नाव देऊन मोकळ्या झालो होतो. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, गॅस पेटवला आणि चहा गरम केला.

"मध्ये पडायचं नाही ना तुला?" मुलगी नाक पुसत म्हणाली.

"तास संपलाय," बाई म्हणाल्या आणि कप तिच्या हातात दिला. ती पिईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मुलीने सगळा चहा संपवला.

तेवढ्यात कुणीतरी त्यांची साडी ओढली. नात होती. कपाळाला आठ्या घालून ती म्हणाली, "आजी, सरक. तू माझ्या चमच्यावर उभी आहेस."

आजी सरकली. मुलीला रडता रडता हसू फुटलं, आणि मग ती रिकाम्या कपात बघत म्हणाली, "सोमवारी मला फार लवकर निघावं लागतं गं, आई. पाळणाघर उघडलेलंही नसतं." बाईंनी नुसती मान डोलावली. एक शब्द जास्त बोलायची त्यांची हिंमत झाली नाही.

मॅडमनी त्यांचा अहवाल वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला. वर्गातल्या बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या.

"ताई, शेरा एकही नाही यात. पण निरीक्षण चुकलंय."

"कुठे चुकलं?"

"मुलीबद्दल सुरुवातीला जेमतेम चार ओळी आहेत. बाकी सगळं तिच्या आईबद्दल. आपल्याला लहान मूल बघायचं होतं. हे मूल तिशी ओलांडलेलं आहे!"

"आहे खरं," कंडक्टरबाई म्हणाल्या. "पण मूल माझंच आहे."

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि परत लावलं. "मला याला मार्क देता येणार नाहीत," त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीसारखा थंड नव्हता. "पुन्हा करून आणावं लागेल. तीन वर्षांचं मूल, एक तास. कधी जमेल?"

"सोमवारी करते," बाई म्हणाल्या. "सोमवारी ती माझ्याकडेच असते."